आग्र्याची हवेली, पोश्तेची वाट

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवताना दरवर्षी एक गंमत बघायला मिळते. सहावीला ‘माझे घर’ हा निबंध दिला की पस्तीस वह्यांपैकी निदान पंचवीस वह्यांत घरापुढे तुळशीवृंदावन उगवतं. गाइडात असतं, म्हणून. मोहल्ल्यातली सगळी घरं माझ्या पायाखालची आहेत. कुणाच्या दारात मेंदीचं झुडूप आहे, कुणाच्या दारात बांगडे वाळत घातलेले असतात, कुणाच्या अंगणात नुसतीच झाकून ठेवलेली मोटारसायकल, बाप कुवेतहून सुट्टीवर येईल तेव्हा चालवायची. पण निबंधात तुळस. तीच मुलं पुढच्या तासाला उर्दूच्या वहीत ‘मेरा घर’ लिहितात तेव्हा तिथे गुलाबांचा बागीचा असतो आणि त्यात बुलबुल गात असतो. मी गुण कापत नाही. समासात लाल पेनाने एवढंच लिहिते, ‘हे घर कुणाचं?’

तुळशीशी माझं भांडण नाही, बुलबुलाशीही नाही. आपल्या घराबद्दल लिहिण्यासारखं काही असतं असं मुलांना वाटतच नाही, हे मला खुपतं. आणि ही सवय मोठेपणीही सुटत नाही. मोठी माणसंसुद्धा ‘घर’ म्हटलं की दुसऱ्याच्या गाइडातून उतरवून काढतात. कुणी देशभक्तीचं गाइड उघडतो, कुणी मजहबचं, कुणी बिल्डरच्या जाहिरातीचं. मला स्वतःला घर आणि दिशा या दोन गोष्टी थोड्याफार कळल्या त्या काही सिनेमांमधून. हे वाक्य आमच्या काही नातेवाइकांना आवडणार नाही. सिनेमा म्हणजे बिघडण्याचं साधन असं मानणारी माणसं आमच्या घरात आहेत, आणि सिनेमा म्हणजे तीन तास डोकं बाजूला ठेवण्याची सोय असं मानणारी आमच्या स्टाफरूममध्ये. दोघांशी वाद घालत बसण्यापेक्षा मी सिनेमेच सांगते.

त्याआधी थोडं शब्दांबद्दल. भाषा शिकवणाऱ्या बाईला तेवढी मुभा असावी. उर्दूत राहण्याच्या जागेला ‘मस्कन’ असा एक शब्द आहे आणि मनाच्या शांततेला ‘सुकून’. दोन्ही एकाच अरबी धातूतून आले: सीन, काफ, नून. थांबणं, स्थिरावणं. मराठीत आपण ‘थारा देणे’ म्हणतो आणि ‘जीव थाऱ्यावर येणे’ही म्हणतो, तसंच. दिशेसाठी उर्दूत दोन यंत्रांची नावं आहेत. कुतुबनुमा उत्तर दाखवतं, किब्लानुमा काबा दाखवतं. कुतुबनुम्याची सुई जगात कुठेही गेलात तरी उत्तरेलाच. किब्ल्याची दिशा मात्र तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरते. आपल्याला तो पश्चिमेला, मोरोक्कोतल्या माणसाला पूर्वेला, आणि आपल्या कोकणातून दक्षिण आफ्रिकेला जाऊन तिथेच राहिलेल्यांना उत्तरेकडे. आपण कुठे उभे आहोत हे आधी मान्य केल्याशिवाय तोंड कुठे करायचं ते कळत नाही. मुलांना मी हे भूगोलाच्या नकाशावर दाखवते तेव्हा ती चकित होतात. मीसुद्धा पहिल्यांदा झाले होते.

आता ‘गर्म हवा’. लहानपणी दूरदर्शनवर अर्धवट झोपेत पाहिला होता. नीट पाहिला तो २०१४ साली त्याची दुरुस्त केलेली प्रत पुन्हा प्रदर्शित झाल्यावर. एम. एस. सथ्यू यांनी १९७३ मध्ये केलेला हा सिनेमा. मूळ गोष्ट इस्मत चुगताईंची, पटकथा कैफी आझमी आणि शमा झैदी यांची. फाळणीनंतरचं आग्रा, आणि तिथला बूट बनवण्याचा कारखाना चालवणारे सलीम मिर्झा. सुरुवातीलाच ते स्टेशनवर उभे आहेत, नात्यातल्या कुणाला तरी पाकिस्तानच्या वाटेला लावत. सिनेमाभर हेच चालतं. एकेक जण जातो, सलीम मिर्झा हात हलवतात आणि टांग्यात बसून परत येतात.

हवेलीचं प्रकरण पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हवेली आहे थोरल्या भावाच्या, हलीम मिर्झांच्या नावावर. हलीम पुढारी आहेत. इथल्या मुसलमानांना सोडून मी कुठेही जाणार नाही, असं जाहीरपणे सांगतात आणि एक दिवस निघून जातात. ते गेल्यावर हवेली सरकारच्या ताब्यात जाते आणि सिंधमधून आलेल्या अजमानी नावाच्या व्यापाऱ्याला मिळते. सलीम मिर्झांचा सगळा जन्म ज्या घरात गेला, त्या घराच्या एकाही कागदावर त्यांचं नाव नव्हतं. भाषण करणारा गेला आणि त्याच्या जाण्याची किंमत काही न बोलता मागे राहिलेल्याने भरली. आमच्या समाजात हे आजही घडतं, त्यासाठी फाळणी लागत नाही.

घर खाली करायच्या दिवशी म्हातारी आई सापडत नाही. ती जळणाच्या लाकडांत लपून बसलेली असते. तिला उचलून बाहेर आणावं लागतं. पुढे भाड्याच्या घरात ती अंथरुणाला खिळते. जीव अडकलेला आहे, जात नाही. घरच्यांच्या लक्षात येतं की तिला हवेलीत जायचं आहे. ते अजमानींना विचारतात, अजमानी होकार देतात. मग पालखीत घालून तिला तिथे नेतात. ज्या घरात ती नवरी होऊन डोलीतून आली होती, त्याच घरात शेवटचा श्वास घेते.

मी माहेरची मिरजेची आणि सासर कोकणात, त्यामुळे हा प्रसंग मला फार जवळचा. बाईच्या नावावर घर नसतंच सहसा. माहेर भावाचं, सासर नवऱ्याचं. त्या म्हातारीच्याही नावावर हवेली नव्हती. नवऱ्याची होती, मग मुलाची झाली, मग सरकारची, मग अजमानींची. तरी मरायला ती तिथेच गेली. आणि अजमानींनी काय केलं? आपला हक्क सोडला नाही, तशी गरजही नव्हती. सरकारने दिलेलं घर त्यांचंच होतं, कारण सिंधमध्ये त्यांचंही घर गेलंच होतं. त्यांनी फक्त दार उघडलं. घर कायद्याने अजमानींचं आणि जिवाने म्हातारीचं, ही दोन्ही सत्यं एका छपराखाली मावतात. आपल्याला हल्ली दोनपैकी एकच निवडायला सांगतात.

याच्या मागे आणखी एक गोष्ट आहे. सलीम मिर्झांचं काम करणारे बलराज साहनी रावळपिंडीच्या कुटुंबातले. आग्रा सोडायचं नाही म्हणणाऱ्या माणसाचं काम, ज्याचं स्वतःचं गाव फाळणीत पलीकडे गेलं अशा माणसाने केलं. १९६२ मध्ये ते पाकिस्तानात जाऊन आपलं जुनं गाव पाहून आले आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. अजमानी झालेले ए. के. हंगल कराचीत तुरुंगवास भोगून १९४९ मध्ये मुंबईला आलेले. पडद्यावर समोरासमोर उभ्या असलेल्या त्या दोन माणसांना घर सुटणं म्हणजे काय ते कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. साहनी एप्रिल १९७३ मध्ये गेले, सिनेमा लोकांसमोर येण्याआधीच.

स्वातंत्र्यदिनाच्या आसपास या सिनेमाचे तुकडे मोबाइलवर फिरतात, खाली लिहिलेलं असतं, ‘बघा, आम्ही जाणूनबुजून इथे राहिलो.’ भावना मला कळते. पण ‘गर्म हवा’चं असं प्रमाणपत्र करणं मला पटत नाही. सलीम मिर्झा कुणाला काही सिद्ध करून दाखवायला थांबलेले नाहीत. त्यांचा कारखाना इथे आहे, आई इथे आहे, टांगेवाला ओळखीचा आहे. माणूस राहतो तो अशा कारणांनी. आणि राहण्याची किंमत सिनेमा लपवत नाही. कर्ज मिळत नाही, भाड्याचं घर मिळत नाही, नाव कळलं की दारं लागतात. पुण्या-मुंबईत नोकरीसाठी गेलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना दलाल फोनवर आधी आडनाव विचारतात, तेव्हा मला सलीम मिर्झांचं हिंडणं आठवतं. भावाला घराचा नकाशा पाठवला म्हणून त्यांच्यावर हेरगिरीचा आळ येतो. आणि मुलगी, अमीना. दोनदा तिचं लग्न ठरत येतं, दोन्ही मुलगे सीमेपलीकडे जातात आणि तिच्या वाट्याला येतं ते वाट बघणं. शेवटी ती जीव देते. राहणं ही गोड गोष्ट आहे असं सांगणाऱ्याने अमीनाचा प्रसंग पुन्हा पाहावा.

शेवटाबद्दल माझी एक तक्रार आहे. खचलेले सलीम मिर्झा अखेर पाकिस्तानला जायला निघतात. वाटेत नोकरी मागणाऱ्या तरुणांचा मोर्चा आडवा येतो. मुलगा सिकंदर त्यात उतरतो, मग बापही उतरतो. टांगा माघारी फिरतो आणि त्यात एकटी बसलेली असते बायको, जमीला. बापलेकांना दिशा सापडली. जमीला मात्र परत त्याच भाड्याच्या घरी, ज्या घरातून मुलीचा जनाजा निघाला. तिला कुणी विचारलं नाही, तू येतेस का मोर्चात? हे काम शौकत आझमींनी केलंय, आणि टांगा वळतो तेव्हा मला मोर्चापेक्षा तिचीच काळजी वाटते. सिनेमा थोर आहे म्हणून त्याचं सगळंच कबूल करायला पाहिजे असं नाही.

कैफी आझमींचं नाव आलंच आहे तर ‘नसीम’बद्दल दोन शब्द. सईद अख्तर मिर्झांचा १९९५ चा सिनेमा. मुंबई, १९९२ चे जून ते डिसेंबर हे महिने. शाळकरी नसीम आणि तिचे अंथरुणाला खिळलेले आजोबा. आजोबांचं काम कैफींनी केलंय. चिडलेला मुलगा त्यांना विचारतो की तुम्ही तेव्हा पाकिस्तानात का गेला नाहीत. ते तत्त्वज्ञान सांगत नाहीत. आग्र्याच्या घरासमोरच्या एका झाडाची आठवण काढतात, तुझ्या आईला ते झाड फार आवडायचं म्हणतात. झालं. मला हे उत्तर अगदी खरं वाटतं. ‘माझे घर’ निबंधात मी असं एखादं झाड शोधत असते. खुद्द कैफी पक्षाघातानंतर आझमगढ जिल्ह्यातल्या मिजवाँ या आपल्या गावी परतले आणि तिथे रस्त्यासाठी, मुलींच्या शाळेसाठी खटपट करत राहिले. मुंबईत नाव कमावलेल्या शायराने उतारवयात गावच्या रस्त्यासाठी अर्ज लिहावेत, हे मला त्यांच्या कित्येक गाण्यांपेक्षा जास्त आवडतं.

राहणाऱ्यांचं झालं. जाणाऱ्यांचं काय? आमच्या कोकणात जाणं हीच रीत. आजोबा जहाजावर खलाशी, वडील कुवेतला, मुलगा दुबईला. गावात येणारा प्रत्येक जण ‘कधी आलास’च्या पाठोपाठ ‘कधी चाललास’ विचारतो. दुमजली बंगले उभे राहतात, समोर फरशा, वर काचा, आणि वर्षातले दहा महिने दाराला कुलूप. आतल्या भिंती पावसाळ्यात घामेजतात. मी सासरी आले तेव्हा मला वाटलं, ही घरं राहण्यासाठी बांधली आहेत की गेल्याची खूण म्हणून?

याचं उत्तर मला मुझफ्फर अलींच्या ‘गमन’मध्ये मिळालं. १९७८ चा सिनेमा. अवधमधल्या खेड्यातला गुलाम हसन, म्हणजे फारुख शेख, आजारी आई आणि नवी नवरी खैरुनला सोडून मित्राच्या सांगण्यावरून मुंबईला येतो आणि टॅक्सी चालवायला लागतो. खैरुनचं काम स्मिता पाटीलचं. ती जवळजवळ काहीच करत नाही, वाट बघते. पण ते वाट बघणं असं आहे की बघणाऱ्याच्या घशात काहीतरी अडकावं. गुलाम हसन पैसे साठवतो, ते परतीच्या भाड्याला आणि घरी पाठवायला एकदम पुरत नाहीत. पाठवले तर जाता येत नाही, गेला तर पाठवता येत नाहीत. शेवटी तो स्टेशनवर उभा आहे आणि गाडी निघून जाते. ही एवढी साधी बेरीज-वजाबाकी आमच्याकडच्या किती घरांत चाललेली असते! विमानाचं तिकीट, कफीलची परवानगी, बहिणीचं लग्न, बंगल्याचा स्लॅब. ‘या वर्षी नाही, पुढच्या वर्षी येतो.’ शहरयार यांच्या गझला आणि जयदेव यांचं संगीत यांची सगळे तारीफ करतात, करावीच. माझं लक्ष मात्र त्या हिशेबाकडे असतं.

‘गमन’ पाहून ‘म्हणून जाऊ नका’ असं मी म्हणणार नाही. पोटासाठी गेलेल्या माणसाला उपदेश करायचा हक्क पगारी शिक्षिकेला नाही. माझ्या घरातला फ्रीजसुद्धा दिराच्या आखाती पैशांचा आहे. पण एक आग्रह धरते. जाताना मुलाने परतीचा हिशेब आधी मांडावा, आणि तो खैरुनच्या समोर बसून मांडावा. आमच्याकडे जाण्याचा निर्णय पुरुषांच्या बैठकीत होतो. वाट बघणाऱ्या बाईला तारीख तेवढी कळवतात.

दिशेबद्दल मात्र मी सगळ्यात जास्त शिकले ती एका इराणी सिनेमातून. अब्बास किआरोस्तामींचा १९८७ चा सिनेमा, फारसी नाव ‘खाने-ये दोस्त कुजास्त’, मित्राचं घर कुठे आहे. हे नाव सोहराब सेपेहरींच्या कवितेवरून घेतलेलं. मुलांना फळ्यावर लिहून दिलं की तीनपैकी दोन शब्द लगेच ओळखतात. दोस्त तर आपलाच, आणि खाना दवाखान्यातला, कारखान्यातला. ‘कुजा’ आणि ‘कुठे’ शेजारी ठेवले की कानाला तेही परके वाटत नाहीत.

गोष्ट एवढीशी. कोकेर गावातला आठ वर्षांचा अहमद. वर्गात शेजारी बसणारा नेमतजादे वहीऐवजी सुट्ट्या कागदावर गृहपाठ करून आणतो, म्हणून गुरुजी त्याला दम देतात: पुन्हा असं झालं तर शाळेतून काढीन. घरी आल्यावर अहमदला कळतं की नेमतजादेची वही चुकून आपल्या दप्तरात आली आहे. दोन्ही वह्यांचं कव्हर सारखं. आता ही वही आजच्या आज पोचवली पाहिजे, नाहीतर उद्या मित्राचं काही खरं नाही. मित्र राहतो शेजारच्या पोश्ते गावात. घर कुठलं, अहमदला माहीत नाही.

पुढचा सगळा वेळ तो विचारत हिंडतो. आईला सांगतो की माझ्याकडे त्याची वही आहे; आई म्हणते, गृहपाठ कर, मग खेळ, जा पाव घेऊन ये. तीच तीच वाक्यं पुन्हा पुन्हा. (त्या आईवर मी रागावत नाही. कपडे धुणं, पाळण्यातलं मूल आणि वर दहा कामं. मीही माझ्या मुलाला असंच ऐकलं असेल, म्हणजे ऐकलं नसेल.) आजोबा त्याला अडवून सिगारेट आणायला पिटाळतात, स्वतःच्या खिशात सिगारेटी असताना. का, तर पोराला शिस्त लागावी. एक माणूस लोखंडी दारं विकत फिरतो. तो करारासाठी मित्राच्या वहीतलं पान फाडून मागतो आणि घेतोच. त्याचं आडनाव नेमतजादे आहे हे कळल्यावर अहमद त्याच्या गाढवामागे धावत पुन्हा पोश्तेला जातो, तो भलताच नेमतजादे निघतो. नागमोडी वाटेने टेकडी चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. ती वाट किआरोस्तामींनी सिनेमासाठी मुद्दाम पाडून घेतली होती.

अंधार पडताना त्याला एक म्हातारा सुतार भेटतो. आयुष्यभर लाकडी दारं-खिडक्या केलेला. चल, मी दाखवतो घर, म्हणतो. पण त्याचे पाय चालत नाहीत आणि तोंड थांबत नाही. हे दार मी केलं, ती खिडकी मी केली, आता लोक लोखंडी दारं बसवतात. अहमदला घाई. म्हातारा एक फूल देतो, वहीत ठेव म्हणतो. आणि नेतो कुठे, तर अहमद आधी जाऊन आलेल्या त्याच चुकीच्या घरापाशी. अहमद त्याला तसं सांगत नाही. वही कोटाखाली लपवतो आणि म्हाताऱ्याला वाटू देतो की काम झालं. घर सापडलं नाही. रात्री घरी येऊन तो जेवत नाही, दिव्याखाली बसून गृहपाठ करतो, दोन वह्यांत. सकाळी उशिरा वर्गात पोचतो, मित्राला वही देतो, गुरुजी तपासतात. पान उलटताना आत ते फूल दिसतं.

हा सिनेमा मी प्रत्येक शिक्षकाला दाखवावा अशा मताची आहे, मुलांच्या आधी. कारण दहावीचा निकाल लागला की आमच्याकडेही हेच सुरू होतं. मागच्या वर्षी एक हुशार मुलगी विचारत होती, मॅडम, मी पुढे काय करू? तिला सायन्स घ्यायचं होतं. ज्युनिअर कॉलेज तालुक्याला, एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. आईचं म्हणणं, आधी घरकाम शीक. आजोबांचं, एवढं शिकून कुठे जायचंय. वडिलांनी परदेशातून फोनवर सांगितलं की मुंब्र्याला खोली घेतोय, तिकडेच सगळे जाणार आहेत. कुणीच वाईट नव्हतं. तिच्या हातात काय आहे ते मात्र कुणी विचारलं नाही. मी विचारलं. तिला गावातल्या आरोग्य केंद्रात काम करणारी नर्स व्हायचं होतं, कारण तिच्या आजीला रात्री घेऊन जायला गाडी मिळाली नव्हती. ती ‘वही’ होती. एकदा ती दिसल्यावर मुंब्रा की तालुका हा प्रश्न तेवढा अवघड राहिला नाही. मुंब्र्यालाही नर्सिंगपर्यंत पोचणारी वाट आहे, आणि तिथून परत यायलाही आहे. सध्या ती मुंब्र्याला अकरावीत आहे. परत येईल का, ते मी सांगू शकत नाही.

करिअर मार्गदर्शनाची शिबिरं होतात तिथे मुलांना विचारतात, पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतोस? अहमदला असं विचारलं असतं तर तो गोंधळला असता. त्याला पाच वर्षांनंतरचं माहीत नव्हतं, पत्ताही माहीत नव्हता. उद्या सकाळी कुणाला आपली गरज आहे, तेवढं पक्कं होतं.

या गोष्टीला सिनेमाबाहेरचा पुढचा भागही आहे. जून १९९० मध्ये उत्तर इराणात मोठा भूकंप झाला आणि कोकेरचा तो सगळा परिसर उद्ध्वस्त झाला. अहमद आणि नेमतजादेचं काम करणारे दोघे प्रत्यक्षात सख्खे भाऊ, तिथलेच. ती मुलं जगली की नाही ते पाहायला किआरोस्तामी निघाले, आणि त्या प्रवासावर त्यांनी पुढचा सिनेमा केला, १९९२ मध्ये आलेला ‘आणि आयुष्य चालूच राहतं’. एक दिग्दर्शक मुलाला घेऊन मोटारीतून चाललाय, रस्ते खचलेत, आणि तो भेटेल त्याला विचारतोय, कोकेरला कसं जायचं? म्हणजे आता मोठा माणूस विचारत हिंडतोय आणि ढिगाऱ्यात बसलेली माणसं त्याला दिशा सांगताहेत. तंबूंच्या शेजारी एक जण टीव्हीचा अँटेना उभा करतोय. घरची माणसं गेलीत, पण फुटबॉलचा विश्वचषक चार वर्षांनी एकदा येतो, मॅच बघायची आहे. एक तरुण सांगतो की भूकंपानंतर लगेच त्याने लग्न केलं. मुलं सापडतात का, हे सिनेमा दाखवत नाही. चढावर गाडी अडते, रस्त्यावरचा माणूस धक्का देतो, गाडी पुढे जाते.

आमच्याकडे भूकंप नाही, पण दरड कोसळते, पूर येतो, चक्रीवादळ येतं. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची नारळी-पोफळी आडवी झाली, कौलं उडाली. कुलूपबंद बंगल्यांचे पत्रे कुणी बसवले? गावात राहिलेल्यांनीच, शेजारधर्म म्हणून. त्यात भंडारी होते, कुणबी होते, आमचे होते. व्हॉट्सॲपवर दुबईहून घराचे फोटो मागवले जात होते आणि इथे शेजारी शिडी लावून छपरावर चढलेला. मला तेव्हा अजमानी आठवले होते.

आठवीच्या मुलांना मी यंदा अहमदचा सिनेमा दाखवला. फारसी संवाद, इंग्रजी ओळी, मी अधूनमधून थांबवून मराठीत सांगत होते. पहिली वीस मिनिटं कुजबुज चालली, नंतर शांत. संपल्यावर मला वाटलं होतं मुलं फुलाबद्दल बोलतील. एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, मॅडम, दुसऱ्याचा गृहपाठ आपण लिहिणं ही तर लबाडी झाली ना? अर्धा वर्ग त्याच्या बाजूने, अर्धा अहमदच्या बाजूने. एक मुलगी म्हणाली, घर सापडलंच नाही तर काय करेल बिचारा. दुसरी म्हणाली, गुरुजींना खरं सांगायचं. त्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, ‘गुरुजी ऐकतात का?’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाद मिटला नाही, घंटा झाली. पुढच्या शनिवारी भूकंपानंतरचा सिनेमा दाखवायचा आहे, प्रोजेक्टरचा बल्ब तोवर टिकला तर.